फरककर सर

प्रत्येक तालुक्याच्या गावी इंग्रजीतला फरक सांगणारा एक गृहस्थ असतो. ग्रामपंचायतीची नगरपालिका होवो न होवो, एसटी स्टँडवरचा पंखा फिरो न फिरो, हे पद कधी रिकामं राहत नाही. बहुतेक वेळा ते निवृत्त शिक्षक असतात. क्वचित पोस्टातले हेडक्लार्क, क्वचित जिल्हा परिषदेतले स्टेनो. अंगात अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट आणि खिशाला दोन पेनं, त्यातलं एक लाल. निवृत्तीच्या दिवशी शाल-श्रीफळ देताना ते लाल पेन काढून घ्यायला शाळा विसरलेली असते, आणि तो विसराळूपणा पुढची वीस-पंचवीस वर्षं सगळ्या गावाला भोवतो.

आमच्या गावच्या गृहस्थांचं खरं आडनाव निराळं होतं. पण 'व्हॉट इज द डिफरन्स?' हा प्रश्न त्यांनी इतक्या जणांना भररस्त्यात उभं करून विचारला होता की लोकांनी त्यांचं मूळ गाव 'फरक' असल्याचं परस्पर ठरवून टाकलं. फरककर सर. पुढेपुढे दूधवाल्याच्या वहीतसुद्धा हेच नाव चढलं.

सरांशी हवापाण्याच्या गप्पा मारता येत नसत. एकदा पावसात गाठ पडली म्हणून आमचे शेजारी सहज बोलून गेले, "काय सर, कंटिन्युअस लागलाय!" सर जागीच थांबले.

"कंटिन्युअस की कंटिन्युअल? मध्ये उघडला होता का?"

"सकाळी चहाच्या वेळी जरा उघडीप होती."

"मग कंटिन्युअल. थांबून थांबून पण चालू राहतं ते कंटिन्युअल. कंटिन्युअस म्हणजे मध्ये खळच नाही. नदीचा प्रवाह कंटिन्युअस, शेजाऱ्यांच्या तक्रारी कंटिन्युअल." एवढं नीट समजावून सांगायचं तर दोन्ही हात मोकळे हवेत, म्हणून सरांनी छत्री मिटून काखेत मारली होती. शेजारी घरी परतले ते कंटिन्युअस शिंकत.

सरांच्या विद्येतली खरी अडचण अशी, की ती देवनागरीत मावत नाही. शाळेचे मुख्याध्यापक प्रिन्सिपल आणि माणसाचं तत्त्व तेही प्रिन्सिपल. जागचं न हलणारं ते स्टेशनरी आणि वह्या-पेन्सिली तीही स्टेशनरी. स्तुती कॉम्प्लिमेंट, आणि एखाद्या गोष्टीला पुरेपणा आणणारी जोड तीही कॉम्प्लिमेंट. मराठी तोंडातून दोन्ही शब्द एकाच चेहऱ्याने बाहेर पडतात. त्यातून आपल्याकडे 'व' एकच, त्यामुळे द्राक्षाचा वेल आणि द्राक्षाची दारू आपण एकाच बाटलीत भरतो. 'वेट' या एका उच्चारात आपण थांबायला सांगतो, वजन करतो, ओलं होतो आणि गुरांच्या डॉक्टरलाही बोलावतो. म्हणून सरांना बोलताना प्रत्येक शब्दाला शेपूट जोडावं लागे: "ए-वाला प्रिन्सिपल", "ई-वाली स्टेशनरी", "आय-वालं कॉम्प्लिमेंट". त्यांच्या तासाला शेजारच्या वर्गात ऐकू येई ते असं: "द प्रिन्सिपल इज अ मॅन ऑफ प्रिन्सिपल. लक्षात आला का फरक?" आणि मग चाळीस पोरांचा एकसुरी होकार.

पेठेत नवं दुकान निघालं तेव्हाची गोष्ट सांगण्यासारखी आहे. पाटीवर इंग्रजीत होतं: जनरल स्टोअर्स, कटलरी अँड स्टेशनरी. पेंटर अजून शिडीवरच होता. सरांनी खालून आवाज दिला, "अहो, उतरा खाली! स्टेशनरीत 'ए' घातलाय तुम्ही. 'ई' पाहिजे. ई फॉर एन्व्हलप."

दुकानदार गल्ल्यावरून उठून बाहेर आला. "काय झालं, सर?"

"ह्या 'ए'चा अर्थ होतो जागेवरून न हलणारं."

"मग बरोबरच आहे की. दुकान कुठं हलतंय? पंधरा वर्षांचा भाडेकरार आहे."

सरांना हे उत्तर इतकं झोंबलं की त्यांनी स्वतः शिडी धरली आणि पेंटरकडून अक्षर बदलून घेतलं. पेंटरने त्या एका अक्षराची मजुरी वेगळी लावली आणि सरांनी ती दिलीही. पण इतिहास काढून पाहिला तर बाजू दुकानदाराचीच भक्कम निघते. मध्ययुगात युरोपात बहुतेक विक्रेते पाठीवर माल टाकून गावोगाव फिरत. विद्यापीठांच्या आसपास एका जागी बसून पोथ्या विकणारे थोडे. ते हलत नसत म्हणून ते 'स्टेशनर', आणि त्यांच्याकडे मिळतं ते सामान स्टेशनरी. म्हणजे वह्या-पेन्सिलींना ते नाव मिळालं तेच मुळी दुकान हलत नव्हतं म्हणून. 'ए' आणि 'ई' यांची वाटणी पुढे कधीतरी झाली. भाऊ मूळचे एकाच घरातले.

'कटलरी'वर सरांनी त्या दिवशी हल्ला केला नाही, पण दुसऱ्या दिवशी मुद्दाम गिऱ्हाईक बनून गेले. "कटलरी दाखवा." दुकानदाराने बांगड्या, टिकल्या, रिबिनी आणि केसांच्या पिना काउंटरवर पसरल्या. सरांना सुऱ्या, काटे, चमचे अपेक्षित होते. अख्ख्या महाराष्ट्रात कटलरी म्हणजे बांगड्या-टिकल्याच, हे त्यांना ठाऊक नव्हतं असं नाही. पण एखादा शब्द चुकीच्या घरी सुखाने नांदतोय हे त्यांच्याने बघवत नसे.

ही जमात आली कुठून? माझं मत असं की ती परीक्षेतून आली. जुन्या मॅट्रिकच्या आणि नंतरच्या एसएससीच्या इंग्रजीच्या पेपरांत एक ठरलेला प्रश्न असे: पुढील शब्दांच्या जोड्या अर्थातला फरक स्पष्ट होईल अशा वाक्यांत वापरा. घरी इंग्रजी नाही, बाजारात इंग्रजी नाही, बोलायला साहेब नाही. पण जोड्या पाठ केल्या की हमखास मार्क. ज्या पोराने तर्खडकरांची भाषांतर पाठमाला वळचणीखालच्या उजेडात संपवली, त्याला इंग्रजी भाषा भेटली ती अशी जोडीजोडीने. अॅडव्हाइस-अॅडव्हाइज, अफेक्ट-इफेक्ट, बिसाइड-बिसाइड्स. वाघिणीचं दूध म्हणतात ते त्याने प्यायलं, पण दोन भांड्यांत ओतून, कुठलं भांडं कुठलं ते ओळखत ओळखत.

पुढे हातात आलं ते रेन अँड मार्टिनचं व्याकरण. सरांच्या प्रतीला खाकी कव्हर होतं, त्यावर पुन्हा प्लॅस्टिकचं कव्हर, आणि आत पहिल्या पानावर हळदीकुंकवाचा डाग. दसऱ्याला सरस्वतीपुढे हीच प्रत मांडली जाई. त्यातले रेन म्हणजे पर्सिव्हल ख्रिस्तोफर रेन. मुंबई इलाख्याच्या शिक्षण खात्यात नोकरीला होते. या गृहस्थांची खरी कीर्ती व्याकरणावर नाही. 1924 साली त्यांनी 'बो जेस्ट' नावाची कादंबरी लिहिली. सहारा वाळवंट, फ्रेंचांचं परकीय पलटण, किल्ला, चोरीला गेलेला नीलमणी असा सगळा मसाला. तिच्यावर सिनेमेही निघाले. मी सरांना हे एकदा सांगितलं. त्यांना धक्का बसला. व्याकरणकाराने मोकळ्या वेळात वाळवंटात गोळीबार करावा हे त्यांना रुचलं नाही. थोडा वेळ विचार करून म्हणाले, "वाळवंट ना? म्हणजे एका 'एस'चं डेझर्ट. दोन 'एस'चं जेवणानंतर येतं." आणि त्या आधारावर त्यांनी रेनसाहेबांना क्षमा केली.

सरांचा पेटंट धडा म्हणजे 'शॅल' आणि 'विल'. त्यासाठी ते दरवर्षी एका बुडणाऱ्या माणसाची गोष्ट सांगत. गोष्ट त्यांची नव्हे. इंग्रज व्याकरणकारांची जुनी घासलेली. एक परका माणूस थेम्स नदीत पडला आणि ओरडायला लागला, "आय विल ड्राउन! नोबडी शॅल सेव्ह मी!" नियम असा की पहिल्या पुरुषी नुसता भविष्यकाळ सांगायचा तर शॅल आणि निर्धार सांगायचा तर विल, द्वितीय-तृतीय पुरुषी नेमकं उलट. तेव्हा काठावरच्या सुशिक्षित इंग्रजांना ऐकू आलं ते असं: 'मी बुडणारच, खबरदार कोणी वाचवलंत तर!' त्यांनी त्याच्या इच्छेचा मान राखला.

"सर, तो 'आय शॅल' म्हणाला असता तर?" मागच्या बाकावरून प्रश्न.

"तर वाचला असता!"

त्या उन्हाळ्यात आमची पोरं विहिरीत मुटका मारताना 'आय शॅऽऽल' अशी आरोळी ठोकून मारत. कुणीही बुडालं नाही, म्हणून नियमावरचा विश्वास वाढला.

आता या नियमाची जन्मकथा. तो पहिल्यांदा मांडला जॉन वॉलिस यांनी, 1653 साली. हे वॉलिस ऑक्सफर्डमध्ये गणिताचे प्राध्यापक. इंग्रजीचं व्याकरण त्यांनी लिहिलं ते लॅटिनमध्ये, इंग्रजी शिकू पाहणाऱ्या परदेशी लोकांसाठी. पुढे दोनच वर्षांनी याच माणसाने अनंताचं, ते आडव्या आठासारखं चिन्ह गणितात आणलं. शॅल-विलचा घोळ आणि अनंत या दोन्हींचा जनक एकच असावा यात मला काही नवल वाटत नाही. नंतर 1906 साली फाउलर बंधूंनी 'द किंग्ज इंग्लिश'मध्ये प्रांजळपणे सांगून टाकलं, की दक्षिण इंग्लंडात जन्मलेल्याला हे आपोआप येतं आणि इतरांना ते शिकून येणं जवळजवळ अशक्य. एवढं बजावून मग त्यांनी त्या विषयावर पानंच्या पानं लिहिली. फरककर सरांनी ती सगळी वाचली. अशक्य आहे म्हटल्यावर तर अधिकच उत्साहाने वाचली.

या धड्याला तडा गेला तो वाचनालयाच्या कट्ट्यावर. संध्याकाळी तिथे एक वयस्कर वकील येत. सरांनी एकदा 'शॅल' म्हणजे आज्ञा आणि 'मे' म्हणजे मुभा असं सांगायला सुरुवात केली. वकीलसाहेब पान लावता लावता म्हणाले, "सर, हे तुमच्या वर्गात. आमच्याकडे 'मे'चा 'शॅल' होतो आणि 'शॅल'चा 'मे'. सुप्रीम कोर्टाने 1957 साली ठरवलंय, घटनेच्या 320 व्या कलमात 'शॅल' आहे खरा, पण तो बंधनकारक नाही."

"मग लिहिलाय कशाला?"

"तो नसता तर आमच्या मुलांच्या फिया कुठून भरल्या असत्या?" वकीलसाहेबांनी पान तोंडात टाकलं आणि विषय मिटवला. सर दोन दिवस कट्ट्यावर आले नाहीत.

दवाखान्यात मात्र सर हरत नसत. एकदा चक्कर आली म्हणून त्यांना तालुक्यातल्या एका दवाखान्यात नेलं. डॉक्टर तरुण, नुकताच शिकून आलेला, रिवाजाप्रमाणे इंग्रजीत म्हणाला, "सर, प्लीज ले डाउन."

सर स्टुलावर बसूनच राहिले. "ले व्हॉट?"

"टेबलावर, सर."

"डॉक्टर, 'ले' हे सकर्मक क्रियापद आहे. कर्म लागतं. कोंबडी ले करते. अंडं हे कर्म. माणूस 'लाय' होतो."

"लाय म्हणजे खोटं बोलणं ना?"

"तो लाय निराळा. त्याचा भूतकाळ लाइड. आडवं होण्याच्या लायचा भूतकाळ ले."

डॉक्टर हुशार होता. "म्हणजे मी कालच्याबद्दल बोलत असतो तर 'ले' चाललं असतं?"

"काल चाललं असतं," सर म्हणाले. "आज नाही."

तेवढ्यात नर्सने दंडाला पट्टा आवळून रक्तदाब पाहिला. आकडा ऐकून डॉक्टरने सगळं इंग्रजी गुंडाळलं. "सर, आडवे व्हा!" आणि सर ताबडतोब आडवे झाले. मराठीत त्यांची काहीच तक्रार नसे.

सगळ्या जोड्यांत सरांना एकाच जोडीचा मनापासून राग होता: फ्लेमेबल आणि इन्फ्लेमेबल. कारण तिच्यात फरकच नाही. इतर ठिकाणी 'इन' लागला की अर्थ उलटतो. करेक्टचं इनकरेक्ट, व्हिजिबलचं इनव्हिजिबल. इथे तो 'इन' नकाराचा नाहीच. पेटणं या अर्थाच्या 'इन्फ्लेम'मधून तो सरळ आलेला. लोक फसतील, इन्फ्लेमेबल म्हणजे न पेटणारं समजून काडी ओढतील, अशी भीती वाटून अमेरिकेतल्या आगप्रतिबंधक मंडळींनी 1920 च्या दशकात फ्लेमेबल शब्दाचा पुरस्कार केला. आपल्याकडे टँकरच्या पाठीवर अजून जुनाच शब्द असतो. एकदा हायवेवरच्या धाब्यावर असाच एक टँकर उभा होता आणि ड्रायव्हर कानावर बिडी ठेवून चहा पीत बसलेला. सरांनी त्याच्यासमोर बसकण मारली आणि उपसर्गांचा पूर्ण धडा घेतला. ड्रायव्हरने शांतपणे ऐकून घेतलं.

"मास्तर, मला विंग्रजी येत न्हाई," तो म्हणाला. "तांबड्या रंगात लिवलंय म्हंजे बिडी लांब जाऊन वडायची. एवढं कळतंय."

सर परतताना गप्प होते. बऱ्याच वेळाने म्हणाले, "रंगाला स्पेलिंग नसतं, हे एक बरं आहे."

घरात सरांची प्रतिष्ठा बेताचीच. ज्या माणसाला फार्दर आणि फर्दर लांबून ओळखता येतात, त्याला ओवा आणि जिरं जवळून ओळखता येत नसे. काकूंनी ओवा मागवला तर हे जिरं आणत, जिरं मागवलं तर शहाजिरं, आणि बारीक रवा मागवला तर हमखास जाडा. काकूंच्या स्वयंपाकघरात चिरणं वेगळं, कातरणं वेगळं, किसणं वेगळं, खोवणं वेगळं. भाजणं आणि परतणं यांच्यात गल्लत झाली तर पोह्यांचं काय होतं ते त्या डोळे मिटून सांगतील. पण त्यांनी या फरकांचा कधी तास घेतला नाही. एकदा सरांनी पुडी पुढे केली आणि म्हणाले, "अगं, दोन्ही सारखीच तर दिसतात." काकूंनी पुडी उघडली, नाकाशी नेली आणि आयुष्यातलं आपलं एकमेव इंग्रजी वाक्य शांतपणे उच्चारलं: "व्हॉट इज द डिफरन्स?" सर मुकाट्याने पुन्हा वाण्याकडे गेले.

फरक जाणणारा माणूस इंग्रजी किती बोलतो? जवळजवळ नाहीच. बोलायला लागलं की प्रत्येक शब्दापाशी एक नाका लागतो. इकडे जावं की तिकडे, हे ठरेपर्यंत वाक्याची वेळ निघून जाते. आमच्या गावापासून जवळच लेणी आहेत. एकदा तिथे निघालेला एक खराखुरा इंग्रज स्टँडवर उतरला आणि घामाने निथळत विचारू लागला, "हाउ मच फर्दर?" लोकांनी धावत जाऊन सरांना आणलं. शाळेतली नोकरी, बुडणारा माणूस, रेन आणि मार्टिन, सगळं आयुष्य ज्या क्षणासाठी होतं तो क्षण आला होता. सरांनी घसा साफ केला.

"एक्स्क्यूज मी. डिस्टन्स, देअरफोर फार्दर. विथ अॅन ए."

इंग्रज बिचारा नम्र निघाला. "ओ, सॉरी! वी जस्ट से फर्दर."

सर त्याच्याकडे पाहत राहिले. लेणी किती लांब ते सांगायचं राहूनच गेलं. शेवटी रिक्षावाल्याने दोन बोटं दाखवून "टू किलोमीटर" म्हणून त्याला बसवून नेलं. रिक्षा दिसेनाशी झाल्यावर सरांनी निकाल दिला, "शिक्षण बेताचं असावं त्याचं."

तरी इंग्लंडवरचा त्यांचा विश्वास उडाला नव्हता. 2008 साली पेपरात बातमी आली की टेस्को या तिथल्या दुकानांच्या साखळीने झटपट काउंटरवरची 'टेन आयटम्स ऑर लेस' ही पाटी बदलायचं ठरवलं आहे. मोजता येतं तिथे 'फ्युअर', मोजता येत नाही तिथे 'लेस', म्हणून त्या पाटीवर व्याकरणप्रेमी वर्षानुवर्षं खवळलेले होते. सरांनी कात्रण काढून खिशात ठेवलं आणि आठवडाभर ज्याला त्याला दाखवलं. पण खाली बारीक अक्षरांत पुढचं होतं: नवी पाटी 'अप टू टेन आयटम्स'. लेसही नाही आणि फ्युअरही नाही. दुकानदाराने दोघांनाही बाहेर काढून तिसऱ्यालाच कामावर घेतलं होतं. मुळात हा नियम 1770 साली रॉबर्ट बेकर नावाच्या लेखकाने सुचवला तोही आपली आवड म्हणून. त्याच्या आधी नऊशे वर्षं राजा आल्फ्रेडपासून सगळे मोजता येणाऱ्या वस्तूंनाही लेसच म्हणत होते. एकाची आवड दुसऱ्याचा कायदा कसा होतो, याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

सरांचा नातू इंग्रजी माध्यमात. आमच्या राज्यात 2000 सालापासून मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी आलं, मग याचं तर विचारायलाच नको. तो चुका करत करत भराभरा बोलतो आणि समोरच्याला सगळं कळतं, याचं सरांना फार दुःख. एकदा सर त्याला डिसइंटरेस्टेड म्हणजे निःपक्षपाती आणि अनइंटरेस्टेड म्हणजे ज्याला रस नाही तो, असं शिकवत होते. पोराने फोनवर शोधून दाखवलं की सतराव्या शतकात दोन्हींचे अर्थ नेमके उलटे होते. "आजोबा, म्हणजे तेव्हा तुम्ही चूक असता." सर म्हणाले, "तेव्हा मी नव्हतो. फोन ठेव."

पण याच फोन-संगणकाच्या काळात सरांची किंमत वाढली. पेठेतल्या एका संस्थेने लेटरहेडचा गठ्ठा छापून आणला. प्रिन्सिपल या पदाच्या जागी तत्त्व छापलं गेलेलं. संगणकाने एकही लाल रेघ ओढली नव्हती, आणि त्याचंही चुकलं नाही. तत्त्व हाही शब्द डिक्शनरीत आहेच. स्पेलिंग बरोबर आणि शब्द चूक ही जात साध्या स्पेलचेकरला पकडता येत नाही. ती सरांनी दारातून आत येता येता, चष्मा न लावता पकडली. त्या दिवशी त्यांनी दोन कप चहा घेतला.

आणि एक दिवस त्यांची एक जुनी विद्यार्थिनी पेढे घेऊन आली. पुण्यात एका मोठ्या इस्पितळात नर्स आहे. सांगत होती, तिच्या कामात सारख्या दिसणाऱ्या शब्दांचा धोका फार. हायपर आणि हायपो यांत अक्षरांचाच काय तो फरक. पण साखर वाढलेल्याला इन्सुलिन द्यायचं असतं आणि साखर उतरलेल्याला साखर. उलट झालं तर माणूस हातचा जातो. सारख्या नावांच्या औषधांच्या तर याद्याच करून भिंतीला लावलेल्या असतात. "बाकीच्या मुली एकदा वाचतात, सर. माझा मात्र हात आपोआप थांबतो आणि जोडीतला दुसरा शब्द आठवतो. तुमच्या तासामुळे सवयच लागलीय."

काकू पदराने डोळे टिपायला लागल्या. सरांचाही कंठ दाटला असावा, कारण ते क्षणभर काही बोलले नाहीत. मग खिशातलं लाल पेन चाचपत म्हणाले, "सवय म्हणजे हॅबिट. कस्टम नव्हे. एकट्याची ती हॅबिट, समाजाची ती कस्टम."

"हो सर," ती म्हणाली, आणि वाकून पाया पडली.

माझा हिशोब इतकाच आहे. सरांनी सांगितलेल्या फरकांपैकी निम्मे इंग्रज स्वतः पाळत नाहीत, पाव हिस्सा कुणा एकाच्या आवडीतून निघालेले, आणि उरलेले मात्र वेळेला माणूस वाचवतात. कुठले कुठले, हे आधी सांगता येत नाही, म्हणून सगळेच सांगणारा एक माणूस गावात लागतो. तुमच्याही गावात तो असणार. मुलीच्या लग्नाची इंग्रजी पत्रिका, नोकरीचा अर्ज, कोर्टातलं अफिडेव्हिट, दुकानाची पाटी, काहीही छापायला टाकण्याआधी त्यांना नेऊन दाखवा. चहा मिळेल, चुका निघतील, पैसे पडणार नाहीत. फक्त 'जरा घाई आहे' असं चुकूनही म्हणू नका. हरी आणि हेस्ट यांत फरक आहे, आणि तो सांगायला त्यांच्याकडे वेळ भरपूर आहे.